नागदेवीच्या गल्लीत आर्गनची चौकशी

मुंबईत एखादी वस्तू घ्यायची झाली, तर दुकान शोधून भागत नाही. आधी गल्ली शोधावी लागते. दागिने झवेरी बाजारात, कापड मंगलदास मार्केटात, रेडिओचे सुटे भाग लॅमिंग्टन रोडवर, विजेच्या वायरी आणि दिवे लोहार चाळीत. लोहार चाळीत लोहार औषधालाही सापडत नाही, ही गोष्ट निराळी! आणि ज्याला लोखंडाशी झटापट करायची आहे, त्याने जावे नागदेवी स्ट्रीटला. क्रॉफर्ड मार्केटच्या उत्तरेला, मोहम्मद अली रस्त्याच्या आडोशाला ही गल्ली आहे. रुंदी म्हणाल, तर समोरासमोरून दोन हातगाड्या आल्या की दोन्ही गाडीवाल्यांनी एकमेकांच्या सात पिढ्यांची विचारपूस करावी, एवढी. पण मिस्त्रीच्या हातात जे जे म्हणून हत्यार शोभते, ते ते येथे मिळते.

या गल्लीत मी कित्येक वर्षे चकरा मारतो आहे. कधी कानस घ्यायला, कधी ड्रिलची पाती घ्यायला, आणि खरे सांगायचे तर बहुतेक वेळा नुसतेच पाहायला. गेल्या हिवाळ्यात मात्र कारण मोठे होते. अंबरनाथला आमच्या घरामागे पत्र्याची एक खोली आहे. तिला मी कारखाना म्हणतो. घरातली मंडळी अडगळ म्हणतात. तेथे कापायला ग्राइंडर होता, भोके पाडायला ड्रिल होते. दोन तुकड्यांचा एक करायला मात्र काही नव्हते. मला टिग वेल्डिंगचे यंत्र हवे होते. त्यासाठी एका मुदतीच्या ठेवीचे व्याज बाजूला काढले होते आणि सौभाग्यवतींनी दोन अटी घातल्या होत्या : खर्च व्याजाबाहेर जाता कामा नये, आणि घराला आग लागता कामा नये. अटी पाळल्या जातात की नाही हे पाहण्यासाठी त्या स्वतः बरोबर निघाल्या.

आता 'टिग' ही काय भानगड आहे, ते आधी सांगतो. रस्त्याच्या कडेला ग्रिलवाला ठिणग्यांचा पाऊस पाडत बसलेला असतो, ते साधे वेल्डिंग. त्यात होल्डरला लावलेला रॉड स्वतःच वितळतो आणि सांध्यात भरला जातो. धूर होतो, सांध्यावर राखेची खपली धरते, ती हातोडीने ठोकून काढायची. टिगमध्ये हातात असते टंगस्टनची सुई. टंगस्टन वितळायला सुमारे ३,४०० अंश उष्णता लागते, म्हणून सुई तशीच राहते. तिच्या टोकाशी विजेची ज्योत पेटते आणि खालचा धातू वितळतो. दुसऱ्या हाताने त्यात बारीक तार भरवत जायचे. सुईभोवती चिनी मातीच्या नळीतून आर्गन वायू वाहत असतो. हवेतला प्राणवायू तापलेल्या धातूला शिवू नये म्हणून हा पहारा! ठिणग्या जवळजवळ नाहीत, खपली नाही. जिन्याच्या स्टीलच्या कठड्यावरून हात फिरवताना सांधा कुठे आहे ते कळत नाही, तो बहुधा या टिगचा प्रताप असतो. बाजारात मात्र टिग म्हणणारे थोडे. सगळे म्हणतात, "आर्गन मारून घ्या."

ही विद्या विमानांच्या निमित्ताने जन्माला आली. अमेरिकेतल्या नॉर्थ्रप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ नावाच्या गृहस्थाने १९४१ च्या सुमारास ती सिद्ध केली. मॅग्नेशियमची हलकी विमाने बांधायची होती आणि मॅग्नेशियम तर उघड्या हवेत पेट घेणारे. मेरेडिथने टंगस्टनच्या सुईभोवती हेलियम वायू सोडला आणि पद्धतीचे नावच 'हेलिआर्क' पडले. हेलियम म्हटला की आम्हां कोकणच्या माणसांना विजयदुर्ग आठवतो. किल्ल्यावरच्या 'साहेबाच्या कट्ट्या'वरून १८६८ च्या ग्रहणात हेलियमचा शोध लागला, असे तेथे अभिमानाने सांगतात. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. १८६८ चे ग्रहण यान्सन या फ्रेंच शास्त्रज्ञाने गुंटूरला पाहिले, आणि लॉकियरसाहेबाने त्या वर्षी आपली निरीक्षणे इंग्लंडातूनच केली. तो विजयदुर्गाला आला तो १८९८ च्या ग्रहणाला. पण आला हे खरे, आणि आमच्या अभिमानाला तेवढे पुरे आहे. पुढे महागड्या हेलियमची जागा बहुतेक ठिकाणी आर्गनने घेतली. १८९४ साली रॅले आणि रॅम्से यांना हा वायू हवेतच सापडला. कशाशीही संयोग न पावणाऱ्या या वायूला त्यांनी ग्रीक भाषेतला 'आळशी' हा शब्द बहाल केला. आपल्या हवेत तो शंभरात जेमतेम एक भाग असतो. आळशाला कामाला लावून पोट भरणारा धंदा हा एवढा एकच असावा!

धिम्या गाडीने आम्ही मशीद स्टेशनावर उतरलो. "मशीद कुठे आहे हो?" सौभाग्यवतींनी विचारले. गंमत अशी, की स्टेशनाला हे नाव पडले ते ज्या मशिदीवरून, ती मशीद नव्हेच. ते आहे यहुदी लोकांचे प्रार्थनामंदिर. कंपनी सरकारच्या फौजेतले सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकेल, टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले आणि १७९६ साली त्यांनी ते बांधले. मुंबईतले यहुद्यांचे हे पहिले मंदिर. लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणू लागले. जवळच्या सॅम्युएल स्ट्रीटला नाव आहे ते यांचेच. दिवेकर आपले बेने इस्राएल. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून 'शनिवार तेली', आणि घरात मराठी बोलणारे. बोहरी, मेमन, कच्छी, सातारकडचे माथाडी आणि बेने इस्राएल अशा सर्वांचे सांधे या एवढ्याशा वस्तीत जुळलेले आहेत. ते कोणत्या वायूच्या पहाऱ्यात जुळले, ते मात्र पुस्तकात मिळत नाही.

नागदेवीत शिरताना पहिला येतो तो वास. यंत्राला लावायचे तेल, रबरी पट्टे, नव्या पोलादावरचे ग्रीस आणि कोपऱ्यावरचा आल्याचा चहा यांचे ते मिश्रण असते. मग दिसतात पाट्या. एका दुकानात फक्त बेअरिंगे, दुसऱ्यात फक्त आटे पाडायच्या टॅप आणि डाय, तिसऱ्यात घासायचे दगड आणि पॉलिश कागद. एक दुकान तर नुसत्या स्प्रिंगांचे. "डोकं सांभाळून!" असे ओरडत माथाडी पाठीवर पेटी घेऊन जातात. यांच्या अंगावरच्या ओझ्याला कायद्याने थोडा आधार दिला तो १९६९ च्या माथाडी कायद्याने; त्यामागे अण्णासाहेब पाटलांची चळवळ होती. लोखंडाचा मोठा बाजार आता कळंबोलीला गेला आहे, पण हत्यारांचा बाजार हलला नाही. माणसाला हत्यार हातात घेऊन, तोलून घ्यायचे असते. दूरध्वनीवर तोल कळत नाही.

आम्ही शिरलो ते दुकान सहा फूट रुंद; आत मात्र बोगदा. काउंटरमागे सोनेरी काठाची पांढरी टोपी घातलेले वयस्क बोहरी शेठ बसले होते.

"शेठ, टिगचं यंत्र दाखवा. दोनशे अँपियरचं."

शेठनी यंत्राकडे हातसुद्धा केला नाही. सौभाग्यवतींना स्टूल पुढे केले आणि मला म्हणाले, "यंत्र मागून दाखवतो. आधी बोला, जोडायचं काय?"

मी यादी सांगितली. स्वयंपाकघरासाठी स्टीलची मांडणी, पाण्याच्या टाकीचा लोखंडी घोडा, खिडकीची जाळी, सायकलचे कॅरिअर.

"आणि अॅल्युमिनियम?"

"एक शिडी आहे. शिवाय..."

"कुकरला हात लावायचा नाही!" सौभाग्यवती स्टुलावरून म्हणाल्या. शेठनी मान डोलावली. "भाभींचं बरोबर आहे. ज्यात वाफ कोंडते, ते भांडं घरी जोडू नये."

अॅल्युमिनियमचा प्रश्न त्यांनी उगाच विचारला नव्हता. यंत्राची किंमत त्यावर ठरते. लोखंड आणि स्टील एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर, म्हणजे डी.सी.वर, छान जुळते. अॅल्युमिनियमच्या अंगावर मात्र ऑक्साइडचा पापुद्रा असतो. आतले अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि वरचा पापुद्रा दोन हजार अंशांपुढेही दाद देत नाही. आत पातळ आमटी आणि वर दगडी झाकण! ते झाकण फोडायला दिशा बदलणारी ए.सी. वीज लागते, तिच्या एका फेऱ्यात पापुद्रा उडतो, दुसऱ्यात धातू वितळतो. नुसत्या डी.सी.चे यंत्र शेठनी वीस हजारांच्या आतबाहेर सांगितले; ए.सी.-डी.सी. दोन्हींचे त्याच्या दुपटीहून अधिक.

मन ओढ घेत होते ते दुसऱ्याकडे. दोन्ही कामे करणारे यंत्र असले की कसे, कोणाला नाही म्हणायला नको! सौभाग्यवतींनी शांतपणे विचारले, "अहो, ती शिडी मोडली आहे का?"

शिडी मोडलेली नव्हती. पारडे डी.सी.कडे झुकले. ज्याच्या घरी बोटीचे, मोटारसायकलीच्या इंजिनाचे किंवा अॅल्युमिनियमच्या चौकटींचे काम नित्याचे आहे, त्याने पहिल्यापासून ए.सी.-डी.सी. घ्यावे, हेही शेठनी सांगून टाकले, कारण डी.सी.च्या यंत्रात ए.सी. मागाहून घालता येत नाही.

दुसरा प्रश्न होता जाडीचा. ढोबळ हिशेब असा, की लोखंडाच्या एक मिलिमीटर जाडीला चाळीसेक अँपियर. कठड्याची नळी दीड मिलिमीटरची, तिला साठ. टाकीच्या घोड्याचा अँगल तीन मिलिमीटरचा, त्याला एकशे वीस. मग दोनशेचे यंत्र कशाला? तर प्रत्येक यंत्राला दमायची वेळ असते. 'साठ टक्के' असे लिहिले असेल, तर दहा मिनिटांत सहा मिनिटे काम आणि चार मिनिटे विश्रांती. दोनशेचे यंत्र शंभरावर चालवले, तर बैलगाडीला घोडे जुंपल्यासारखे ते रमतगमत चालते. मात्र ती टक्केवारी किती उष्णतेच्या हवेत मोजली आहे, ते विचारून घ्यावे. वीस अंशांच्या हवेतले आकडे आमच्या पत्र्याच्या खोलीत वैशाखात उपयोगाचे नाहीत.

"वरचा आकडा सगळे विचारतात," शेठ म्हणाले, "खालचा कोणी विचारत नाही." पातळ पत्र्याला पंधरा-वीस अँपियरवर न थरथरता तेवणारी ज्योत लागते. ती नसेल, तर सांध्याऐवजी भोक पडते. यंत्र घेताना खालच्या आकड्यावर पेटवून पाहावे, हा त्यांचा सल्ला मी वहीत लिहून घेतला. ज्योत पेटवायची रीतही पाहावी. सुई धातूवर काडीसारखी घासून पेटवायची ती जुनी तऱ्हा; तिच्यात सुईचे टोक बाटते. टेकवून उचलायची ती 'लिफ्ट', बरी. आणि धातूला न शिवता ठिणगीची उडी घेणारी ती 'एच.एफ.', सगळ्यांत सोयीची. मात्र ती पेटवताना जवळ मोबाइल किंवा संगणक ठेवू नये.

तिसरा प्रश्न : "घरात प्लग कुठला?" येथे मी तयारीनिशी गेलो होतो. शंभर अँपियरवर टिगच्या ज्योतीचा दाब सुमारे चौदा व्होल्ट असतो. म्हणजे चौदाशे वॅट. यंत्रात जाया होणारी वीज धरून दोन हजारांच्या घरात, म्हणजे २३० व्होल्टच्या लाइनवर नऊ-दहा अँपियर. गीझरच्या सोळा अँपियरच्या प्लगवर हे काम चालते. त्याच यंत्राचा कान दोनशेपर्यंत पिळला, तर ते वीस अँपियरहून जास्त ओढते आणि प्लग काळा पडतो. म्हणून खोलीला मीटरपासून वेगळी जाड वायर, वेगळा एम.सी.बी. आणि खरीखुरी अर्थिंग हवी. याचा खर्च यंत्राच्या पावतीत नसतो, पण दुसऱ्या अटीत मोडतो.

शेठ चौथा प्रश्न विचारणार, तोच सौभाग्यवतींनी तो विचारला. "यांचा गॅस संपला, की भरून कुठे मिळतो?"

शेठनी टोपी सारखी केली आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "काका, तीस वर्षं दुकानात बसतो. हा सवाल लोक यंत्र घेऊन गेल्यावर फोन करून विचारतात." स्वयंपाकाच्या सिलिंडरचा नंबर लावण्यात ज्यांची उमेदीची वर्षे गेली, त्यांना हा प्रश्न सुचणार नाही तर कोणाला?

आर्गनचा मोठा निळा सिलिंडर ४७ लिटरचा असतो. त्यात सुमारे सात घनमीटर वायू दाबून भरलेला असतो. मिनिटाला आठ लिटर सोडला, तर तो साडेचौदा तास पुरतो. दहा लिटरच्या लहान सिलिंडरात दीड घनमीटर, म्हणजे तीन तासांची बेगमी. तीन तास थोडे वाटतात, पण ज्योत पेटलेली असते तेवढाच वेळ मोजायचा. घासणे, मोजणे आणि चहा यांना गॅस लागत नाही. मोठा सिलिंडर रिकामासुद्धा मणाहून जड, एकट्या माणसाला हलवणे अवघड. शिवाय सिलिंडर लोकलने नेता येत नाही; रेल्वेत गॅसच्या टाक्यांना बंदी आहे. तेव्हा आपल्या गावात, टेम्पोने आणून देईल असा आर्गनवाला कोण, तो अनामत किती घेतो, लहान टाकी भरून देतो की नाही, हे आधी ठरवावे आणि मग नागदेवीची गाडी पकडावी. आमच्या पलीकडच्या औद्योगिक वसाहतीत असा वितरक आहे, हे मी चौकशी करून आलो होतो. ते ऐकून सौभाग्यवतींच्या चेहऱ्यावर, मुलगा पहिल्या वर्गात पास झाल्याचे समाधान उमटले.

पाचवी गोष्ट शेठनी विचारली नाही, दाखवली. समोरच्या पोटमाळ्यावर एक तरुण कारागीर यंत्रांची पोटे उघडून बसला होता. "बोर्ड जळला, तर हा करून देतो. पण ज्या यंत्राचा बोर्ड बाजारात मिळतो, त्याचाच." हातातल्या टॉर्चचेही तसेच. १७ आणि २६ नंबरच्या टॉर्चचे सुटे भाग गल्लीतल्या पोऱ्यालाही पाठ असतात. काही अनवट टॉर्च घेतला, तर एका चिनी मातीच्या टोपणासाठी काम अडून बसते. पेटीवर चमकणाऱ्या आकड्यांपेक्षा हे मला जास्त महत्त्वाचे वाटले.

दुकानाच्या मागच्या बाजूला मिस्त्रीने यंत्र लावून दाखवले. आम्हां दोघांना काळ्या काचेचे मुखवटे दिले. काच दहा नंबरची. टिगची ज्योत दिसायला लहान, पण तिचे अतिनील किरण डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग करतात आणि उघड्या हाताची कातडी उन्हात करपावी तशी करपवतात. मिस्त्रीने पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घातला होता. सूं आवाज करीत वायू आला, टोकाशी निळसर कणी उमटली, आणि तिच्याखाली पाऱ्याच्या थेंबासारखे एक लखलखते तळे झाले. मिस्त्री त्या तळ्याला तार भरवत पुढे सरकला. ज्योत, तार, ज्योत, तार, अशा एका लयीत. आई मुलाला घास भरवते ना, अगदी तसे. सांधा थंड झाल्यावर पाहिला, तर रांगोळीच्या ठिपक्यांसारखी एकावर एक सरकलेली वर्तुळे, आणि रंग सोनेरीपासून निळसरापर्यंत. "हा रंग आला तर स्टील खूश," मिस्त्री म्हणाला. "काळा-राखाडी झाला, तर समजायचं गॅस कमी पडला, नाहीतर हात रेंगाळला."

मग पावती झाली. यंत्र म्हणजे अर्धाच खर्च, हे येथे येणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. रेग्युलेटर, मुखवटा, पातळ चामड्याचे हातमोजे, ३०८ नंबरची स्टीलची तार, लोखंडाची तार, आणि टंगस्टनच्या सुया. लाल टोकाच्या सुया सगळीकडे मिळतात. पण त्यांत थोरियम असतो, तो थोडा किरणोत्सर्गी असतो आणि सुईला टोक काढताना त्याची धूळ नाकात जाते. सोनेरी किंवा निळ्या टोकाच्या लँथनमच्या सुया तेच काम करतात. मी त्या घेतल्या. एकूण बेरीज व्याजात बसली. साठ रुपये उरले. त्या साठांचा चहा आणि खारी बिस्किटे झाली.

पेटी शेठकडे ठेवून आम्ही तांबाकाट्याकडे वळलो. सौभाग्यवतींच्या माहेरचा एक पितळी हंडा काठाशी चिरला आहे. तो या यंत्राने जोडता येईल का, हा त्यांचा बेत होता. तेथल्या एका कासारदादांनी बसल्या जागी निकाल दिला. पितळेत तांब्याबरोबर जस्त असते. जस्ताची ९०७ अंशांना वाफ होते आणि पितळ वितळते तेही त्याच सुमारास. ज्योत लागताच जस्त पांढरा धूर होऊन उडून जाते, सांधा जाळीदार होतो, आणि तो धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचीही तीच कथा. मुलामा घासून काढल्याशिवाय त्याला ज्योत दाखवू नये. "ताई, पितळेला डाखच बरा," कासारदादा म्हणाले, "तो आम्ही लावतो." सगळेच काम नव्या यंत्राने करायचे नसते, हे सांगायला त्यांना आमच्याकडून काही विकत घेऊन घ्यावे लागले नाही.

शेवटचे ठिकाण दारूखाना. हार्बरच्या गाडीने मशीदपासून तिसरे स्टेशन रे रोड. एके काळी येथे तोफांची दारू साठवत, म्हणून हे नाव. पुढे या किनाऱ्यावर जहाजे फोडायचा धंदा वाढला. १९७१ च्या युद्धात बंगालचा उपसागर गाजवणारी 'विक्रांत' २०१४ साली येथेच मोडीत निघाली. गल्ल्यांतून साखळदंड, बोटींच्या गोल खिडक्या, हातभर जाडीचे दोर आणि गंजलेल्या पत्र्यांचे ढीग रचलेले. नागदेवीत जोडायचे साहित्य मिळते आणि येथे तोडलेले सामान. मध्ये रेल्वेची दहा मिनिटे. मी आलो होतो ते भंगारासाठी. हात बसेपर्यंत नव्या स्टीलवर प्रयोग करणे म्हणजे पैसे जाळणे. दीड-दोन मिलिमीटरच्या स्टीलच्या पट्ट्या किलोवर तोलून घेतल्या. गंज नको, रंग नको, मुलामा नको, एवढे पाहिले. नाविकांच्या भोजनगृहातली एक स्टीलची ताटाळी सौभाग्यवतींना आवडली. तीही तोलून घेतली.

संध्याकाळी नऊ किलोची पेटी लगेजच्या डब्यात चढवली. कोळणींच्या टोपल्यांशेजारी ती निमूट बसली. पुढच्या आठवड्यात वायरमन आला, टेम्पोतून लहान निळा सिलिंडर आला, आणि तो भिंतीला साखळीने बांधला. पडला आणि तोंडाची कळ तुटली, तर तो तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो. आर्गन हवेहून जड, वास नाही, रंग नाही. बंद खोलीत तो जमिनीलगत साचतो आणि गुपचूप श्वास हिरावतो. म्हणून काम चालू असताना दार आणि खिडकी उघडी, मात्र पंखा सांध्यावर नाही. पेट्रोलचा डबा, रॉकेल, जुनी रद्दी हे सगळे खोलीबाहेर गेले. अडगळ निघाल्यामुळे घरातल्यांनी आता त्या खोलीला काय म्हणावे, हा प्रश्न उभा राहिला आहे.

दोन महिने रोज अर्धा तास दारूखान्याच्या पट्ट्यांवर मी नुसत्या रेघा ओढल्या. पहिले पंधरा दिवस रंग राखाडी. मग एके दिवशी कडेला सोनेरी झाक दिसली. दसऱ्याला यंत्राला झेंडूचा हार घातला, आणि दिवाळीआधी स्वयंपाकघरातली मांडणी उभी राहिली. सौभाग्यवतींनी तिच्यावर आधी चार किलोंचा पोळपाट, मग पाट्यासकट वरवंटा ठेवून पाहिला. काही हलले नाही. मग त्यांनी एकेका सांध्यावरून बोट फिरवले, आणि फराळाचे सगळे डबे तिच्यावर मांडले. चकल्यांचा डबा सर्वांत वरच्या फळीवर आहे. तो काढायला शिडी लागते, आणि तिचे पाय सध्या तरी शाबूत आहेत.